१०७ क्रमांकाच्या खोलीतील भिंत वीस सेंटिमीटर सरकवण्याबाबत

दिनांक : १४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रति,
मा. अधीक्षक अभियंता,
इमारत प्रकल्प विभाग,
तिसरा मजला, लिफ्टसमोरील दालन

विषय : सेवानिवृत्त कर्मचारी निवासातील प्रत्येक मजल्यावरच्या सातव्या खोलीत न्हाणीघराची भिंत २० सें.मी. सरकवण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज, दि. ४ ऑगस्ट (उत्तर नाही)
२) माझे स्मरणपत्र, दि. २५ ऑगस्ट (शेरा : "पाहिले")
३) समन्वय कक्षाचे 'एकसमानता' परिपत्रक
४) माझे दुसरे स्मरणपत्र, दि. १५ सप्टेंबर (शेरा : "संदर्भ ३ पाहावा")

महोदय,

उपरोक्त विषयी चौथ्यांदा लिहिण्याची वेळ आली आहे. आधीच्या तीन पत्रांत मी फक्त मापे दिली होती. मापे वाचून कोणाला काही वाटत नाही असे ध्यानात आल्याने या वेळी झालेली हकीकत क्रमाने सादर करते. लांबल्याबद्दल क्षमा असावी.

१. मी या विभागात सव्वीस वर्षे आहे. गेली सहा वर्षे संगणकावरची इमारतींची मॉडेल्स सांभाळते. 'सांभाळते' हा शब्द विचार करून वापरला आहे. मॉडेल काढणारे बरेच आहेत, त्यात बदल करणारे त्याहून जास्त. काल संध्याकाळी कोणी काय हलवले ते सकाळी शोधून जागच्या जागी ठेवणे, हे माझे काम. घरात कात्री कुठे आहे हे सगळे ज्या एकाच माणसाला विचारतात, ते माणूस या कार्यालयात मी आहे.

२. सदर निवासात सहा मजले आहेत, मजल्यावर सोळा खोल्या, एकूण शहाण्णव. प्रत्येक खोली वेगळी काढत बसलो असतो तर मीच त्यात राहायला गेले असते. म्हणून एकच खोली नीट काढली. पलंग, कपाट, न्हाणीघर, दारे, दिव्यांची बटणे सगळे एकत्र बांधले आणि त्या गाठोड्याच्या शहाण्णव प्रती ठेवल्या. याला कार्यालयात सर्वजण ग्रुप म्हणतात. ग्रुपचा गुण असा, की एका खोलीत आत शिरून काही बदलले की तो बदल शहाण्णवच्या शहाण्णव खोल्यांत होतो. दाराच्या मुठी खाली घ्यायच्या होत्या तेव्हा हे काम एका चहात झाले. बोळाच्या पलीकडच्या खोल्या याच प्रती आरशात पाहिल्यासारख्या उलट्या करून ठेवल्या आहेत, म्हणजे इकडचे उजवे ते तिकडे डावे. सोय उत्तम आहे. तिच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

३. तक्रार खांबाची आहे. मी खोली काढली तेव्हा खांब ठरलेले नव्हते. जुलैमध्ये खांबांचे नकाशे आले. नव्वद खोल्यांत खांब भिंतीच्या पोटात गेला. प्रत्येक मजल्यावरच्या सातव्या खोलीत मात्र तो न्हाणीघराच्या दारातून आत गेल्या गेल्या बावीस सेंटिमीटर पुढे येतो. तिथे चालायची वाट ऐंशी सेंटिमीटर होती, ती अठ्ठावन्न उरली. चूक माझी आहे. खांब येण्याआधी मी प्रती ठेवल्या. हे पहिल्या अर्जातही मान्य केले होते. तेवढेच एक वाक्य कोणीतरी लाल शाईने अधोरेखित करून परत पाठवले.

४. उपाय साधा आहे. न्हाणीघर आणि कपाट यांच्यामधली भिंत वीस सेंटिमीटर कपाटाकडे सरकवली की वाट अठ्ठ्याहत्तरची होते. कपाट उथळ होईल, पण त्या वयात माणसाकडे असे किती कपडे असतात.

५. आता ही वाट कोणाची आहे, ते सांगते. पहिल्या मजल्यावरची सातवी खोली, क्रमांक १०७, सोडतीत आपल्या दफ्तरीकाकांना मिळाली आहे. आपण येथे रुजू होण्याच्या आधी ते निवृत्त झाले, म्हणून ओळख करून देते. तळमजल्यावरच्या नकाशांच्या खोलीत त्यांनी बत्तीस वर्षे काढली. कोणता नकाशा कोणत्या नळकांड्यात आहे हे त्यांना न पाहता सांगता येई, आणि नकाशा परत न करणाऱ्या अभियंत्याच्या घरी ते रविवारी सकाळी जाऊन बसत. मी नवीन असताना ट्रेसिंग कागदावरची चुकीची रेघ ब्लेडने कशी खरवडायची ते मला त्यांनी शिकवले. खरवडलेल्या जागी अंगठ्याचे नख घासायचे, नाहीतर नवी शाई पसरते. "पोरी, चूक खोडणं सोपं आहे, ती पसरू न देणं हे काम," असे ते म्हणत. तेव्हा मला ते कागदाबद्दल बोलत आहेत असे वाटे. तेही कागदाबद्दलच बोलत होते.

दोन वर्षांपूर्वी आधीच्या घरात ते न्हाणीघरात पडले. हाक शेजारणीला ऐकू जायला पाऊण तास लागला. तेव्हापासून ते वॉकर घेऊन चालतात. वॉकरची रुंदी चौसष्ट सेंटिमीटर आहे. खोलीची वाट अठ्ठावन्न आहे. या अर्जात याहून अवघड गणित नाही.

६. मी केलेले प्रयत्न पुढीलप्रमाणे. सर्व तोंडी सूचनांवरून केले. सूचना देणाऱ्यांना आता त्या आठवत नाहीत, म्हणून नावे देत नाही.

पहिल्यांदा मी १०७ मधली भिंत ग्रुपच्या आत शिरून सरकवली. अर्थातच शहाण्णव खोल्यांतली सरकली. नव्वद धडधाकट खोल्यांतली कपाटे विनाकारण रोडावली. सुतारकामाच्या कक्षातून दुपारपर्यंत अकरा फोन आले. अकरावा फोन करणाऱ्याने फक्त "बाई?" एवढेच म्हटले आणि उसासा टाकून ठेवून दिला. मी भिंती परत आणल्या.

दुसऱ्यांदा मी सहा खोल्यांसाठी वेगळा ग्रुप केला आणि त्याला 'खोली सुधारित' नाव दिले. समन्वय कक्षाचे प्रमुख, ज्यांना आम्ही सर्वजण आदराने जुळणीसाहेब म्हणतो, त्यांनी लगेच हरकत घेतली. निवासासाठी खोल्यांचे चार प्रकार मंजूर आहेत, पाचव्यासाठी समितीची बैठक लागते आणि समितीचे एक सदस्य निवृत्त होऊन त्याच निवासात खोली मिळण्याची वाट पाहत आहेत. सोमवारी सकाळी जुळणीसाहेबांनी माझ्या सहा खोल्या निवडून एका बटणात पुन्हा जुन्या प्रकारात घातल्या. सौजन्य म्हणून त्यांनी मला तसे कळवलेही : "तुमच्या खोल्या घरी परत आणल्या."

तिसऱ्यांदा मी ग्रुप तसाच ठेवला. सहा खोल्यांपुरती ती भिंत ग्रुपमधून वगळली आणि योग्य जागी सुटी भिंत काढली. अशा भिंतीला कोणताही ग्रुप नसतो. मॉडेलच्या शनिवारच्या साफसफाईत तपासनीसाला त्या सहा भिंती बेवारस दिसल्या आणि त्याने सहाही पुसल्या. वगळलेली भिंत वगळलेलीच राहिली. अशा रीतीने पुढचे नऊ दिवस सहा रहिवाशांना न्हाणीघर आणि कपाट एकत्र मिळाले होते, म्हणजे अंघोळ करता करता सदरा निवडता आला असता. त्या आठवड्याच्या अहवालात 'त्रुटी : शून्य' अशी नोंद आहे. मी ती वाचली, आणि घरी जाऊन लवकर झोपले.

७. चौथा प्रयत्न सांगताना संकोच वाटतो, पण तो आपल्या कानावर वेगळ्या रूपात आलाच असेल. भिंत कोणी पाहत नाही, निदान अडकलेली वस्तू तरी पाहतील, म्हणून मी दफ्तरीकाकांचा वॉकर मोजून घेतला, तो मॉडेलमध्ये हुबेहूब काढला आणि १०७ च्या न्हाणीघरात खांबाशी अडकलेला ठेवला. त्या दिवशी मला बरे नव्हते. वॉकर ठेवण्याआधी ग्रुपमधून बाहेर यायचे राहून गेले. शहाण्णव न्हाणीघरांत शहाण्णव वॉकर उभे राहिले. शुक्रवारी सामानाची यादी मॉडेलमधून आपोआप निघते आणि भांडाराकडे जाते. ती कोणीही वाचली नाही, कारण ती आपोआप निघते.

बोळाच्या एका बाजूच्या खोल्या उलट्या प्रती असल्याने यादीत 'वॉकर, उजवे – ४८' आणि 'वॉकर, डावे – ४८' अशी मागणी गेली. पुरवठादाराने पत्र लिहून डावा वॉकर म्हणजे काय असे विचारले. भांडारातून 'नमुन्याप्रमाणे' असे उत्तर गेले. तीन आठवड्यांनी शहाण्णव वॉकर आले, निम्म्यांवर 'डावा' अशी चिठ्ठी चिकटवलेली. भांडारपालांनी मला खाली बोलावून ते दाखवले. म्हणाले, "बाई, राहायला माणसं अजून यायचीत, आणि त्यांचे गुडघे आधी आले."

भांडारपालांनी सर्व वॉकर उघडून चिठ्ठीचे आणि बिनचिठ्ठीचे दोन्ही मोजले. सगळे एकसारखे आहेत. रुंदी चौसष्ट. म्हणजे १०७ मध्ये खात्याचाही वॉकर जाणार नाही.

८. मोजमापे कोणाला पटत नाहीत, असे पाहून ९ सप्टेंबरला नकाशांच्या जुन्या खोलीत मी जमिनीवर चिकटपट्टीने १०७ चे न्हाणीघर खऱ्या मापात आखले. खांबाच्या जागी कागदांची तीन खोकी एकावर एक रचली आणि भिंतीच्या जागी कपाटे सरकवली. दफ्तरीकाकांना बोलावले. ते इस्त्रीचा सदरा घालून आले, जणू खोलीचा ताबाच मिळणार होता. पंधरा-वीस जण बघायला जमले. काका दारातून आत शिरले, खोक्यांपाशी वॉकरचा डावा पाय अडला, उजवा कपाटाला लागला. पुढे जाता येईना, आणि मागे वळायला जागा नाही. तसेच उभे राहून ते सगळ्यांना म्हणाले, "बत्तीस वर्षं याच खोलीत मी तुमचे नकाशे अडकवून ठेवले. आता फिट्टंफाट."

सगळे हसले. मीही हसले. मग त्यांना उचलून बाहेर काढायला दोन शिपाई लागले. जुळणीसाहेबांनी खाली वाकून पाहिले आणि एक खोके किंचित तिरके असल्याचे निदर्शनास आणून दिले. ते खरे होते. सरळ केल्यावर वाट अर्ध्या सेंटिमीटरने कमी झाली.

९. जुळणीसाहेबांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही लिहिते. सगळे गेल्यावर ते खोक्यावर बसून राहिले आणि मला म्हणाले, "मागच्या इमारतीत प्रत्येकाने आपापल्या कारणासाठी ग्रुप तोडला. चाळीस खोल्यांचे चाळीस प्रकार झाले. आलेली दारं कुठेच बसेनात. ती अजून गच्चीवर पडलीत. तुमचं कारण खरं आहे हो, पण पुढच्या माणसाचं कारणही त्याला खरंच वाटणार." त्यांची भीती खोटी नाही. गच्चीवरची दारे मी पाहिली आहेत. परंतु भीती त्यांची आणि न्हाणीघर दुसऱ्याचे, असा हिशेब होऊ लागला आहे.

१०. त्यानंतर दोन पर्याय सुचवण्यात आले. पहिला, रहिवाशाने अरुंद वॉकर घ्यावा. हे मी दफ्तरीकाकांना कळवले. त्यांचे उत्तर जसेच्या तसे : "बारीक वॉकर मिळेल गं. पण पडलो तर मी माझ्या मापाचाच पडणार."

दुसरा, त्यांनी खोली बदलून घ्यावी. याला ते आधी तयार झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला. म्हणाले, "खोली बदलली की मी सुटलो. मग तिथे जो येईल त्याला कोण सांगणार? मला निदान माहीत आहे, आधी शेजाऱ्याला हाक मारून ठेवायची आणि मग आत जायचं." फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आणि खिडकी चांगली आहे तिथली." बदलीचा अर्ज त्यांनी केलेला नाही. सदर निवास आपल्याच विभागातल्या लोकांसाठी असून खोल्या सोडतीने मिळतात. मजल्यावर सोळा चिठ्ठ्यांत एक सातवीची असते. माझ्या निवृत्तीला आठ वर्षे आहेत. आपल्या निवृत्तीची तारीख मला ठाऊक आहे, पण ती येथे लिहिणे शिष्टाचाराला धरून होणार नाही.

११. आता तातडीचे. पहिल्या मजल्यावर आतल्या भिंतींचे वीटकाम सुरू झाले आहे. काल मी बांधकामावर गेले होते. १०६ पूर्ण आहे, १०८ पूर्ण आहे. १०७ ची भिंत मिस्त्रींनी माझ्या सांगण्यावरून थांबवली आहे. जुन्या जागी पहिला थर नुसता कोरडा मांडून ठेवला आहे, सिमेंट न लावता, म्हणजे पर्यवेक्षक लांबून पाहतील तर काम चालू दिसावे. गुरुवारी अकरा वाजेपर्यंतच ते थांबू शकतात, कारण त्यानंतर प्लंबर येतो, आणि एकदा नळ बसले की भिंत देवानेही सरकवू नये.

मी मिस्त्रींना आमची अडचण समजावून सांगितली. एका खोलीतली भिंत हलवली की शहाण्णव हलतात, वेगळी केली तर प्रकार वाढतो, सुटी ठेवली तर पुसली जाते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "ताई, माझ्याकडे ग्रुप नाही, थापी आहे. ही भिंत इकडे घेतली तर दुसऱ्या खोलीतली का हलेल?" त्यांनी कोरड्या विटा हाताने वीस सेंटिमीटर सरकवून दाखवल्या. मी मागे वळून १०६ मध्ये डोकावले. तिथली भिंत जागेवरच होती. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी ही गोष्ट मुद्दाम जाऊन खात्री करून घेतली, हे लिहिताना लाज वाटते.

मात्र मिस्त्रींना सहीचा कागद लागतो. तो नसेल तर तपासणीत भिंत पाडायला लावतात, आणि ते योग्यच आहे.

१२. म्हणून १०७ चा एक नकाशा मी जुन्या पद्धतीने ट्रेसिंग कागदावर काढला आहे. चुकीच्या जागेवरची रेघ दफ्तरीकाकांनी रविवारी माझ्या घरी येऊन स्वतः ब्लेडने खरवडली, नख घासले आणि नव्या जागी शाईने रेघ मारली. त्यांचा हात आता थरथरतो, म्हणून रेघ एका ठिकाणी किंचित हलली आहे. ती मापात आहे. या कागदावरचा बदल इतर पंच्याण्णव खोल्यांत उमटलेला नाही. खाली 'हाच बदल २०७ ते ६०७ यांस लागू' अशी एक ओळ आहे आणि आपल्या सहीसाठी जागा सोडली आहे. सहीला दोन सेकंद लागतील. मॉडेलला हात लावावा लागणार नाही. प्रकार चारच राहतील.

१३. विनंती एवढीच, की गुरुवार दि. १६ रोजी सकाळी अकराच्या आत सदर नकाशावर सही व्हावी.

तसे न झाल्यास भिंत नव्या जागी बांधावी असे मी मिस्त्रींना माझ्या सहीने लेखी देणार आहे. मला तसा अधिकार नाही, याची पूर्ण जाणीव आहे. नंतर कारणे दाखवा नोटीस निघेल, तिला उत्तर द्यायला मला सात दिवस मिळतील, त्यात दोन सुट्ट्या येतील. हा सगळा त्रास वाचावा म्हणून याच अर्जाला माझा आगाऊ खुलासा समजण्यात यावे. पदोन्नतीच्या यादीत माझे नाव तिसरे आहे, तेही काढायचे असल्यास सोयीचे पडावे म्हणून येथेच नमूद करते. घरी सांगून झाले आहे. नवरा म्हणाला, "वीस सेंटिमीटरसाठी?" मी म्हटले, सहाच कमी पडत होते, बाकीचे हात धुवायला वळता यावे म्हणून.

त्या परिस्थितीत मॉडेलमध्ये शहाण्णवही खोल्या एकसारख्या राहतील, याची मी हमी देते. अहवालात त्रुटी शून्यच दिसेल. फक्त इमारत बरोबर असेल.

आपली नम्र, आणि गुरुवारी अकरा वाजता १०७ मध्ये हजर असणारी,

(सही)
वरिष्ठ आरेखक, मॉडेल कक्ष

सोबत :
१) खोली क्र. १०७ चा नकाशा, ट्रेसिंग कागदावर, एक. मूळ प्रत. कृपया घडी घालू नये, दफ्तरीकाकांना कळते.
२) डावा वॉकर म्हणजे काय, याबाबत पुरवठादाराचे पत्र व त्यास गेलेले उत्तर.
३) दफ्तरीकाकांचे निवेदन, एक ओळ : "भिंतीचं काही झालं नाही तरी खोली मला हवी आहे."
४) सुतळी, एक, लांबी ६४ सें.मी. ही दोन्ही हातांत ताणून धरावी, मग हात सहा सेंटिमीटर जवळ आणावेत. सुतळी जेवढी लोंबेल तेवढाच हा अर्ज आहे. परत करण्याची आवश्यकता नाही. मिस्त्रींकडे दुसरी दिलेली आहे.